गैरहजर पदासाठी शून्य

सर गेले त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांपैकी एकही जण प्रमाण रूपात बोलला नाही. कुणी स्वतःच्या रक्तदाबापासून सुरुवात केली, कुणी जावयाच्या बदलीपासून. एक गृहस्थ कापसाच्या भावापासून निघाले ते सरांपर्यंत पोहोचेतो शेजारणीने आणून दिलेला चहा निवून गेला. मी दाराशी बसले होते आणि मला सारखं वाटत होतं की आता आतून आवाज येईल, "आधी प्रमाण रूपात या. मोठं दुखनं पहिलं, बारकं मागून."

हे ते खरोखरच म्हणत. बहुपदी लिहिताना चलाचा सगळ्यात मोठा घात असलेलं पद आधी लिहायचं, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, असं उतरत यायचं. याला प्रमाण रूप म्हणतात. नववीच्या पुस्तकात ही गोष्ट दोन-तीन ओळींत संपते. सरांनी तिच्यावर आयुष्य काढलं. एकदा एक पालक शाळेत आले आणि एस.टी., सासुरवाडी, म्हैस, वीज आणि मुलाची गैरहजेरी असं सगळं एका दमात सांगू लागले. सरांनी हात वर केला.

"थांबा. ह्यातलं सगळ्यात मोठं काय?"

त्या माणसाने प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाला, "म्हैस."

"मंग म्हशीपसून सुरू करा."

म्हशीपासून सुरू केल्यावर कळलं की ती व्यायली होती, म्हणून मुलगा घरी राहिला होता, आणि वीज व सासुरवाडी यांचा काहीच संबंध नव्हता. सरांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीची शिक्षिका. अशा वेळी माझ्याकडे पाहण्याचा त्यांना हक्क आहे असं ते समजत.

सिरसाळ्याच्या शाळेत मी पालीहून आले. धरणाजवळचं, बीडच्या अलीकडचं पाली. राहायला जागा शोधत होते तेव्हा कुणीतरी सांगितलं की गणिताच्या सरांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पण विचार करून जा. मी गेले. सर अंगणातल्या शहाबादी फरशीवर उकिडवे बसून खडूने काहीतरी काढत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गणित कुठवर झालंय?"

"दहावीपर्यंत."

"म्हंजे बहुपदी झालीय. ध्यानात हाय का इसरलाव?"

"विसरले."

"बरं झालं. अर्धवट ध्यानात असलेलं लई वाईट. खोल्या तुमच्या."

आतून सरांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज आला, "भाडं सांगा की त्यांना." सरांनी फरशीवरची वक्ररेषा पूर्ण केली आणि म्हणाले की भाड्याचं काकू बघतात, ते रेषीय आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही.

त्या अंगणाची वाटणी झालेली होती. मधोमध दोन अक्ष, कायमचे. पाणी मारून पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उगवत. काकूंना रांगोळीसाठी पहिला चरण दिलेला होता, कारण तिथे दोन्ही संख्या धन असतात आणि सणावाराला ते बरं. बाकीचे तीन चरण सरांचे. काकू तुळशीला पाणी घालता घालता म्हणायच्या, "बाकीचे तीन कुनाला आंदन द्यायचे हायेत, ते तरी कळू द्या." सर आपली रेघ ओढत राहत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खडू असायचा, त्यामुळे त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला जास्त पांढरे होते. परळीहून माणूस आला की त्याच्या कपड्यांवरची वीज केंद्राची राख आणि सरांच्या कपड्यांवरचा खडू, दोन्ही एकाच सतरंजीवर सांडत. काकू दोघांनाही सारखंच बोलून घेत.

माणसांना सर नावांनी ओळखत नसत असं नाही, पण नाव ही त्यांच्या लेखी वरवरची माहिती होती. खरी माहिती म्हणजे कोटी, बहुपदीतला सगळ्यात मोठा घात. शाळेचे मुख्याध्यापक ही स्थिर बहुपदी. "एक्सच्या जागी काय बी घाला," सर सांगत, "उत्तर एकच. बघू." हे अक्षरशः खरं होतं. छताला गळती लागली, बघू. मुलगी राज्यात पहिली आली, बघू. व्यायामाचे शिक्षक द्विपदी. त्यांच्या आयुष्यात सावधान आणि विश्राम ही दोनच पदं होती. पुढारी समकोटीचे, कारण अशा बहुपदीच्या आलेखाची दोन्ही टोकं एकाच बाजूला तोंड करून असतात, निवडणुकीच्या आधी आणि निवडणुकीच्या नंतर.

लग्नं जुळवतानाही गावातले लोक त्यांना विचारायला यायचे. शाळेत शिकवलेला मुलगा असला की सर एका शब्दात निकाल देत. एकाविषयी म्हणाले, "रेषीय हाय, द्या." दुसऱ्याविषयी म्हणाले, "पोरगा घन हाय. वाईट न्हाई. पन दोनदा वळू शकतो." मुलीच्या बापाला हे कळलं नाही, तरी घाबरून त्याने दिली नाही. तो मुलगा पुढे पुण्याला गेला, परत आला, पुन्हा गेला. बाप सरांना पेढे देऊन गेला.

मी कितव्या कोटीची, हे विचारायचं धाडस मला बरीच वर्षं झालं नाही. मी फार बोलणारी नाही. शाळेतून आले की पुस्तक घेऊन ओसरीवर बसायचं, इतकंच. एकदा विचारलं. सरांनी खडूचं टोक फरशीवर घासलं. मग म्हणाले, "तुमी स्थिर पद. प्रमाण रूपात सगळ्यात शेवटी येतंय. एक्सचं काय बी होवो, ते जाग्यावर." मला हे कौतुक वाटलं की टोमणा, ते अजून ठरवता आलेलं नाही.

बसस्टँडजवळ पेरू-केळी विकणाऱ्या चाचांशी त्यांचा वर्षानुवर्षांचा वाद होता. चाचा हिशेब करताना फळं एकत्र बोलायचे आणि सर त्यांना अडवायचे. एक्सचा वर्ग आणि एक्स यांची बेरीज होत नाही, ती सजातीय पदं नाहीत. तसंच पेरू आणि केळी. चाचा सगळं शांतपणे ऐकून घेत. शेवटी एके दिवशी त्यांनी सरांची पिशवी उघडून धरली आणि म्हणाले, "सर, थैली तर एकच हाय ना. थैलीत गेलं की समदं सजातीयच हुतंय." सर त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून दोन पिशव्या घेऊन जाऊ लागले.

हे सगळं गमतीचं. पण सरांचा एक नियम असा होता की त्यात त्यांना गंमत चालत नसे. तो म्हणजे गैरहजर पदासाठी शून्य.

बहुपदी सहगुणक रूपात लिहितात तेव्हा एक्स लिहीतच नाहीत. नुसते आकडे, एकामागे एक. कोणता आकडा कोणत्या घाताचा, हे फक्त त्याच्या जागेवरून कळतं. म्हणून मधलं एखादं पद नसलं तर तिथे शून्य लिहायचं. नाही लिहिलं तर पुढची सगळी पदं एकेक जागा सरकतात, आणि जो घन होता तो वर्ग होऊन बसतो. सरांच्या वर्गात गैरहजर मुलाच्या जागेवर कुणी सरकून बसायचं नाही. बाकावर तिघे असोत की दोघे, मधली जागा मोकळी. नवीन मुलगा सरकला की सर दारातूनच म्हणत, "सरकू नको बे. तो मेला न्हाई, गैरहजर हाय. तू सरकलास तर उद्या त्यानं कुठं बसायचं?"

त्या नियमाचा खरा अर्थ मला पहिल्या येळवशीला दिसला.

आमच्या या भागात येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, गाव ओस पडतं. सगळे आपापल्या शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. सर मलाही घेऊन गेले. ज्वारीच्या कडेला भावकीची पंगत बसली. वडीलकीप्रमाणे उतरत, प्रमाण रूपात, हे सांगायला नको. पहिल्या पानावर सर. मी पाहुणी, म्हणून शेवटच्या पानावर. आणि सरांच्या शेजारचं, दुसरं पान रिकामं. पत्रावळ मांडलेली, पाण्याचा तांब्या ठेवलेला, माणूस नाही. त्याच्या पलीकडे बसलेला चुलतभाऊ सवयीने थोडा सरकू लागला तर सरांनी नुसतं पाहिलं. तो परत जागेवर गेला.

काकूंनी त्या रिकाम्या पानावरही सगळं वाढलं. भज्जी, उंडे, वर तूप. पंगत उठल्यावर सरांनी ते पान आपल्याकडे ओढलं आणि तेही जेवले. वाढलेलं टाकायचं नसतं. परत येताना बैलगाडीत त्यांना धड बसता येत नव्हतं. काकू म्हणाल्या, "भावाच्या नावानं सवताच दोन पानं खातेत. मंग रातभर ओवा मला सोधावा लागतो."

भाऊ म्हणजे बापू. सरांचे धाकटे, परळीत जळलेल्या मोटारींत नवी तार भरण्याचं दुकान असलेले. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की अर्धा तालुका त्यांच्याकडे जायचा. त्यांचा मुलगा शिकायला सरांकडे होता, याच घरात, याच शाळेत. मी येण्याआधी, नववीच्या वार्षिक परीक्षेत सरांनी त्याला गणितात नापास केलं. एका गणितावरून.

ते गणित मला पाठ आहे. या घरात राहणाऱ्या कुणालाही पाठ होईल. एक्सचा घन, वजा सात एक्स, अधिक सहा. याला एक्स वजा एकने भागा. यात एक्सचा वर्ग नाही. म्हणून ओळीत लिहायचं एक, शून्य, वजा सात, सहा. पुतण्याने लिहिलं एक, वजा सात, सहा. शून्य राहिलं. आणि गंमत अशी की त्याने तसाच भागाकार केला तर बाकी शून्य आली. बरोबर केलं तरी बाकी शून्यच येते. भागाकार साफ चुकलेला, पण शेवटचा आकडा पुस्तकातल्यासारखाच.

बापू परळीहून आले ते उत्तरपत्रिका बघायलाच. शाळेच्या ओसरीवर दोघे भाऊ उभे. मुख्याध्यापक दारात. काकूंनी हा प्रसंग मला इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे होते असं मला वाटतं.

"बाकी शून्य आली का न्हाई, अण्णा?" बापूंनी विचारलं.

"आली."

"पुस्तकात बी शून्यच हाय."

"हाय."

"मंग कावून नापास केलं?"

सर म्हणाले की तीन घाताची बहुपदी होती, ती याने दोन घाताची करून टाकली. एक आख्खी कोटी गेली. ती गेली कुठं, हे त्याला सांगता येत नाही आणि बापूलाही येणार नाही. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. म्हणजे दोन-चार गुण इकडून तिकडून देता येतील. सर नाही म्हणाले.

बापूंनी कागदावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "घरातलं पोरगं म्हनून एक शून्य सोडता आलं न्हाई तुमाला. एका शून्यासाठी."

"शून्यासाठीच," सर म्हणाले.

मुलगा त्याच दिवशी परळीला गेला. पुढच्या येळवशीला बापू आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. भावकीत लग्न असलं की ते सरांची पाठ बघून मांडवात शिरत आणि तोंड दिसलं की निघत. सर मात्र दर वर्षी पान मांडत. कुणी म्हणालं, येणार नाही तो, कशाला मांडता, तर म्हणत, "येनार न्हाई म्हनूनच. आला असता तर तोच बसला असता की."

ज्याच्यावरून हे सगळं झालं तो पुतण्या मात्र मजेत होता. त्याने पुढे आय.टी.आय. केलं, बापाच्याच दुकानात बसला, सिरसाळ्याला बाजाराच्या दिवशी आला की काकूंच्या हातचं जेवून जायचा आणि बापाला सांगायचा नाही. मला एकदा म्हणाला, "मॅडम, काकानं पास केलं असतं तर बाबानं मला सायन्सला घातलं असतं. वाचलो मी." हे तो दोघांपैकी कुणालाही सांगू शकत नव्हता. एकाला वाईट वाटलं असतं, दुसऱ्याला जास्तच.

आता फक्कीचा प्रसंग सांगते. त्यातही मोठं पद आधी सांगायचं तर ते हे, की त्या दिवशी बापू आले होते.

सर निवृत्त व्हायच्या आधीचं वर्ष. निवडणुकीचे दिवस होते. सरांना सुचलं की नववीच्या मुलांना आलेख वहीत काढून कळत नाही, तर तो मैदानावर काढावा, त्यावरून मुलांना चालवावं. कबड्डीचं मैदान आखायची फक्की, चुन्याची भुकटी, शाळेत होतीच. सकाळी सकाळी त्यांनी दोन अक्ष मारले, जिथे ते छेदतात त्या आरंभबिंदूभोवती मोठं वर्तुळ काढलं आणि आलेखाला हात घातला. आलेख अर्थातच त्याच गणिताचा. तो डावीकडे खालून येतो, वर चढतो, उतरतो, थोडा खाली जाऊन परत वर येतो आणि मग वरच जात राहतो. अडचण ही की बहुपदीचा आलेख कुठे थांबत नाही. उजवं टोक मैदान संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीच्या पायऱ्या चढलं आणि दारापर्यंत गेलं. डावं टोक फाटकातून बाहेर पडलं आणि रस्त्याच्या कडेने बसस्टँडच्या दिशेला निघालं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "हे कुठपर्यंत जाणार?" सर म्हणाले, "अनंताकडं." मुख्याध्यापक म्हणाले, बघू.

फक्की तेवढ्यात संपली म्हणून ते टोक चाचांच्या गाड्याच्या अलीकडे थांबलं. पण बसस्टँडवर बसलेल्या लोकांनी पांढरी रेघ पाहिली. रेघेमागे शाळेत आले, तर मैदानाच्या मधोमध वर्तुळ, वर्तुळात फुली. आमच्या जिल्ह्यात निवडणुकीच्या दिवसांत मैदानावर चुन्याचं वर्तुळ दिसलं की त्याचा अर्थ एकच होतो. तासाभरात गावभर झालं की शाळेत हेलिकॉप्टर उतरणार आहे. कोण येणार यावर दोन मतं होती, उतरणार यावर नव्हतं. सरपंच फेटा बांधून आणि हार घेऊन आले. चौकीतला पोलीस आला आणि त्याने आपणहून मुलांना वर्तुळापासून लांब केलं. चाचांनी गाडाच फाटकात आणून लावला. परळीच्या रस्त्यावरून जीप भरून लोक आले.

सर आरंभबिंदूवर उभे होते. गर्दी पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मी तो कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांनी गाव बहुपदीसाठी आलं होतं. मी पुढे होऊन त्यांना खरं काय ते सांगणार होते, पण तोवर त्यांनी सुरुवात केली होती.

सरांनी सांगितलं की हा आलेख कुठेही तुटत नाही. खडू न उचलता काढता येतो. इथे, इथे आणि इथे तो अक्षाला भेटतो, ती त्याची तीन शून्यं. लोक आकाशाकडे पाहत ऐकत होते. मधेच एका म्हाताऱ्याने विचारलं, "सर, पन ते उतरनार कुठं?"

सरांनी आलेखाकडे नीट पाहिलं. "उतरायचंच असलं तर हितं. ह्या दोन शून्यांच्या मधी. हितं खळगा हाय."

पोलिसाने लगेच तिथली गर्दी हटवली.

आणि मग सरांचा आवाज अचानक चढला. ते फाटकाकडे पाहत होते. मी वळून पाहिलं. फाटकाबाहेर, रेघेच्या डाव्या टोकावर, चाचांच्या गाड्याच्या पलीकडे एक बुटके गृहस्थ उभे होते. हातात टोपी. शर्टावर परळीची राख. जीपमधून हेलिकॉप्टर बघायला आलेल्यांतलेच एक. मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, पण काकूंच्या घरातल्या फोटोतलं नाक तेच होतं.

"खालून वर यायचं असलं," सर म्हणाले, आता गर्दीसाठी नव्हे, "तर मधी शून्यातून जावंच लागतंय. उडी मारून जमत न्हाई. पन येता येतं. कुठूनबी येता येतं."

बापूंनी पायाखालच्या रेघेकडे पाहिलं. मग टोपी घातली आणि गेले.

हेलिकॉप्टर आलं नाही. सरपंचांनी उन्हात हार कोमेजेल म्हणून तो सरांच्याच गळ्यात घातला. तो सरांच्या आयुष्यातला एकमेव सार्वजनिक सत्कार. त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. घरी येताना हार तसाच गळ्यात आणि एकच प्रश्न. "टोकावर व्हता. ऐकू गेलं असंल का?"

मी म्हटलं, गेलं असेल.

"पाय रेघंवर व्हता का भाईर? तुमी बघितलं का?"

मी खरं तेच सांगितलं, की पाय रेघेवर होता. सर त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

पुतण्याने पुढच्या बाजाराला सांगितलं की बापूंनी घरी येऊन एवढंच म्हटलं, तुझ्या काकाला येड लागलंय, गावभर फक्की ओढलीय. मग जेवता जेवता, बऱ्याच वेळाने, "ते सात एक्सचंच व्हतं. मी वळखलं." पण येळवशीला ते आले नाहीत. सरांनी पान मांडलं, दोन पानं खाल्ली, काकूंनी ओवा शोधला. मग निवृत्तीनंतरची वर्षंही तशीच.

सर गेल्या भाद्रपदात गेले. दुपारचं जेवण करून खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. अंगणात चौथ्या चरणात अर्धा आलेख होता. काकूंनी तो पुसू दिला नाही. ऊन-पावसानेच काय ते पुसलं.

बापू आले, खांदा दिला, नदीवर गेले आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पाणी न पिता परत गेले. काकू मला म्हणाल्या, "त्यांनी आयुष्यभर पान मांडलं. आता कोन मांडनार? माझ्यानं हुयाचं न्हाई." मला कळलं की त्यांना पानाचं बोलायचं नव्हतं. सर गेले ते त्या एका पानाची वाट बघतच गेले, हे त्यांना सोसत नव्हतं.

येळवस जवळ आली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, वर्षभर सण नाही. काकू म्हणाल्या, सण माणसाचा असतो, येळवस शेताची असते. शेताला कसलं सुतक. कोप उभी राहिली. पाच दगडांना चुना लागला. पंगत बसायच्या वेळेला बांधावर मोटारसायकल थांबली. पुतण्या चालवत होता. मागे बापू, मांडीवर मडकं धरून. आंबील त्यांच्या घरची होती.

पाय धुऊन ते पंगतीपाशी आले. पहिली जागा रिकामी, दुसरीही रिकामी. काकूंनी पत्रावळ्या हातात धरल्या होत्या, पण मांडत नव्हत्या. चुलतभाऊ पुढे झाला आणि आदराने म्हणाला, "बापू, आता तुमीच थोरले. वरच्या पानावर बसा. आमी सरकून घेतो."

"सरकू नका," बापू म्हणाले.

ते दुसऱ्या जागेवर मांडी घालून बसले. मग काकूंकडे हात केला. "वहिनी, अण्णाचं पान मांडा."

चुलतभाऊ हळूच म्हणाला, "अहो, पन ते आता न्हाईत."

"न्हाईत म्हनूनच."

काकूंनी पहिलं पान मांडलं. तांब्या ठेवला. भज्जी वाढली, उंडे वाढले, तुपाची धार धरली. थोडं तूप मातीत गेलं. मी शेवटच्या पानावर होते, माझ्या जागी. पंगत जेवली.

सगळे उठू लागले तेव्हा कुणीतरी म्हणालं की ते पान गाईला घाला. बापूंनी डोकं हलवलं. स्वतःची पत्रावळ बाजूला सारली, पहिलं पान पुढ्यात ओढलं आणि उंडा मोडला. त्यांना ते जड जात होतं, हे दिसत होतं. माणूस आधीच पोटभर जेवलेला.

मधेच थांबून त्यांनी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी त्यांच्यापशी ऱ्हायलाव, म्हनून सांगतो. बाकी शून्यच आलती. ते मी अजून सोडलेलं न्हाई."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्यांनी भज्जीचा घास घेतला. काकू उठल्या, कोपीपाशी ठेवलेल्या गाठोड्यात हात घातला आणि ओवा शोधू लागल्या.